मारबत : पूतना की बांकाबाई?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या नागभीडकडच्या झाडीपट्टीत गावची इडापिडा मारबतीसोबत शिवेबाहेर जाते. नागपुरात तिचा थाट मोठा. १८८१ पासूनची काळी मारबत, १८८५ पासूनची पिवळी, आणि संगतीला महागाई, भ्रष्टाचार अशा त्या-त्या वर्षीच्या खलांचे बडगे! काळीत कोणी पूतना पाहतो, कोणी १८५७ साली इंग्रजांची बाजू घेणारी बांकाबाई भोसले. आता जरा विचार करा. नागपूरचे राज्य १८५४ सालीच खालसा झालेले. दुसऱ्या रघुजींची ती वृद्ध विधवा १८५८ साली वारली. तिच्या हाती उरले होते तरी काय? पुतळा खुशाल जाळावा. राक्षशीच्या राखेत हाडामांसाची बाई मात्र हरवू देऊ नये.