खानेसुमारी आणि रकान्यात न मावलेली माणसं

जनगणनेला मराठीत जुना शब्द आहे खानेसुमारी. फारसीत ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमार’ म्हणजे मोजणी. सरकार दारात येऊन मोजू लागलं की मागोमाग कर येतो, हा रयतेचा अनुभव होता. त्यामुळे १८७१-७२ मध्ये इंग्रजांनी माणसं मोजायला घेतली, तेव्हा लोक धास्तावले यात नवल नाही.

ती पहिली गणना सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. १७ फेब्रुवारी १८८१ च्या गणनेत ही उणीव दूर झाली. पण बाकीच्या अडचणी राहिल्याच. वय विचारलं की लोक वीस, तीस, चाळीस असा ठोकळ आकडा सांगत. परक्या माणसाला घरातल्या बायकामुलींची माहिती देणं जड जाई, त्यामुळे त्यांची नोंद अनेकदा राहून जाई. या चुका अधिकाऱ्यांनाही ठाऊक होत्या.

मला मोठी अडचण दिसते ती धर्माच्या रकान्यात. गुजरात तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथले मतिया कणबी धार्मिक विधींना ब्राह्मण बोलावत, पिराण्याच्या इमामशाहांना मानत आणि मयताला दफन करत. त्यांना कुठे लिहायचं? १९११ मध्ये मुंबईच्या गणना अधिकाऱ्यांनी अशांसाठी ‘हिंदू-मुसलमान’ असा वेगळा गट केला. जनगणना आयुक्त एडवर्ड गेट यांना ते रुचलं नाही. त्यांच्या मते या माणसांना एका धर्मात किंवा दुसऱ्या धर्मात टाकायला हवं होतं.

हा प्रश्न कागदापुरता नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १९०९ च्या कायद्याने मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. आता डोकी मोजणं म्हणजे सत्तेतला वाटा मोजणं झालं. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना मधली माणसं आपल्या बाजूला हवी होती.

म्हणून ते आकडे फेकून द्यावेत असं मी म्हणत नाही. पूर्व बंगालमध्ये मुसलमान बहुसंख्य आहेत आणि ते मुख्यतः शेतकरी आहेत, हे १८७२ च्या गणनेनेच दाखवलं. मुसलमान म्हणजे जुने दरबारी आणि नवाब, हा समज तिथेच लंगडा पडला.

पण कोण किती वाढले याचे वाद आपण आजही त्याच तक्त्यांवर घालतो. त्या तक्त्यांत दर्ग्याला आणि देवळाला एकाच श्रद्धेने जाणाऱ्यांसाठी जागा नव्हती. अशी माणसं होती. फक्त त्यांचा रकाना ठेवला गेला नाही.