वास पुसणारं एन्झाइम

आज पतंगाच्या नाकाची गोष्ट. खरं तर त्याला नाक नाहीच, तो वास घेतो अँटेनांनी.

1959 साली जर्मनीत आडोल्फ बुटेनान्ट यांच्या टीमने सुमारे पाच लाख रेशीम-पतंग माद्यांपासून जेमतेम काही मिलिग्रॅम पदार्थ वेगळा काढला. बॉम्बिकॉल! मादीचा नराला बोलावणारा वास. रासायनिक ओळख पटलेलं हे पहिलं फेरोमोन. त्यामागे वीसेक वर्षांची मेहनत होती.

पण अँटेनात शिरलेला वास पुढे जातो कुठे? वारा वास सलग आणत नाही, तुटक-तुटक आणतो. वास आला की नर पुढे उडतो, तुटला की आडवातिडवा शोधतो. आधीचा वास आतच रेंगाळला, तर तो तुटलाय हे त्याला कळणार कसं?

1981 मध्ये अमेरिकेत रिचर्ड व्होग्ट आणि लिन रिडिफर्ड यांना पॉलिफिमस पतंगाच्या नराच्या अँटेनात फेरोमोन तोडणारं एन्झाइम सापडलं, एक एस्टरेज. आपल्या गडचिरोली-भंडाऱ्याकडच्या टसर पतंगाचा हा पॉलिफिमस जवळचा नातलग बरं का! 1985 च्या अंदाजानुसार या एन्झाइममुळे निम्मं फेरोमोन साधारण 15 मिलिसेकंदांत संपतं.

आम्ही कोडवाले जुना डेटा साफ करायला विसरलो, तर फार तर ॲप अडकतं. पॉलिफिमसचा प्रौढ नर काहीच खात नाही, जगतो जेमतेम आठवडाभर. तेवढ्यात मादी सापडली नाही, तर त्याचा वंश तिथेच थांबतो. म्हणून त्याला वास ओळखण्याइतकंच तो पुसणंही गरजेचं असतं.