बाखचा कॉन्चेर्टो आणि तीन मिनिटांची तबकडी

इ.स. १९३७ च्या नोव्हेंबर महिन्यात पॅरिसमधील एका ध्वनिमुद्रणगृहात तीन वादक एकत्र आले. दोघांच्या हाती व्हायोलिन, तिसऱ्याच्या हाती गिटार. वाजवायचा होता तो योहान सेबास्टियन बाख याच्या डी मायनर कॉन्चेर्टोचा पहिला भाग. ही रचना दोन व्हायोलिने आणि त्यांना साथ करणारा तंतुवाद्यवृंद यांच्यासाठी आहे. येथे वृंद नव्हताच. त्याची सारी जागा एकट्या गिटारने भरून काढायची होती. ते गिटार वाजविणारा जँगो राइनहार्ट हा जिप्सी जमातीतील कलावंत. त्याला स्वरलेखन वाचता येत नव्हते, आणि १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती. व्हायोलिनवादकांपैकी स्टेफान ग्रापेली पॅरिसचाच; मूकपटांना साथ करीत तो वादनात मुरला होता. दुसरा एडी साउथ, शिकागोहून आलेला कृष्णवर्णीय अमेरिकन.

या एडी साउथपाशी थोडे थांबले पाहिजे. १९०४ साली मिसुरी राज्यात त्याचा जन्म झाला आणि शिकागोत तो वाढला. लहानपणापासून त्याने अभिजात पाश्चात्त्य संगीताचे रीतसर शिक्षण घेतले होते. त्याच्या तयारीत काही उणे नव्हते. परंतु त्या काळच्या अमेरिकेत सिंफनी वाद्यवृंदांची दारे कृष्णवर्णीयांना बंद होती. मग नृत्यगृहांतील बँड आणि करमणुकीचे रंगमंच एवढेच त्याच्यासाठी उरले. १९२८ नंतर तो युरोपात हिंडला, बुडापेस्टला जिप्सी व्हायोलिनवादकांमध्ये रमला, परत गेला, आणि १९३७ साली पुन्हा पॅरिसला आला. ज्या संगीतासाठी त्याने बोटे घासली होती, ते संगीत ध्वनिमुद्रिकेवर वाजविण्याची संधी त्याला मिळाली ती जाझच्या नावाखाली. बाखची ही गंमत म्हणून त्या मुद्रणाकडे पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

असा तो एकटाच नव्हता. दोन वर्षे आधी, १९३५ साली, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन आलेला लिऑन अॅबी हाही मूळचा व्हायोलिनवादकच होता. त्याच्यानंतर आलेल्या टेडी वेदरफोर्डच्या बँडमध्ये पुढे आपले गोवेकर वादक बसू लागले. त्यांच्यापैकी अनेकांनी गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फेजो गिरवला होता आणि मिस्सेला व्हायोलिन वाजविले होते. रविवारी सकाळी लॅटिन स्तोत्र आणि शनिवारी रात्री फॉक्सट्रॉट, दोन्ही त्याच हातांनी. यात विसंगती आहे असे त्यांना वाटल्याचे दिसत नाही.

पुन्हा पॅरिसकडे वळू. त्या दिवसांत या रचनेची दोन मुद्रणे झाली. एकात दोघे व्हायोलिनवादक बाखची स्वरपंक्ती बव्हंशी जशीच्या तशी ठेवतात, फक्त लयीला जाझचा झोका देतात. दुसऱ्यात ते कागद बाजूला सारतात आणि बाखच्या स्वरसंगतीवर मनाने वाजवू लागतात. आपल्या संगीताच्या भाषेत सांगायचे तर पहिली बंदिश आणि दुसरी उपज. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत, त्यामुळे बाखलाही कात्री लागली. जँगोचे गिटार घड्याळासारखे चालते. पहिल्या मुद्रणात ग्रापेली थोडा दबकून वाजवतो असे मला वाटते. दुसऱ्यात भीड चेपते आणि दोन व्हायोलिनांचा खरा संवाद सुरू होतो.

बाखचा असा विस्तार करणे हा त्याचा अपमान, असे म्हणणारे तेव्हाही होते. १९३८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथील बाखच्या चाहत्यांच्या एका संस्थेने, नभोवाणीवर बाखच्या रचना जाझच्या ढंगाने वाजवितात म्हणून सरकारी आयोगाकडे तक्रार नेली. या तक्रारदारांनी बाखचे चरित्र नीट वाचले असते तर बरे झाले असते. १७४७ साली पॉट्सडॅमच्या राजवाड्यात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने एक स्वरावली पुढे ठेवली आणि बाखने ती घेऊन तिथल्या तिथे तीन आवाजांचा फ्यूग वाजवून दाखविला. त्याच्या काळी साथ करणाऱ्या ऑर्गनवादकापुढे पूर्ण लिहिलेले संगीत नसेच. खर्जाची एक ओळ आणि तिच्याजवळ काही आकडे; बाकीचे वादकाने आयत्या वेळी भरायचे. जाझवादकापुढचा सुरावटीचा कागद याहून फार निराळा नसतो. गोल्डबर्ग या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्याच्या तीस रूपभेदांच्या तळाशी बत्तीस खंडांचा एकच पाया आहे, आणि जाझमधील असंख्य गीतांचा साचाही नेमका बत्तीस खंडांचाच. एकोणिसाव्या शतकात हे आयत्या वेळचे वादन मैफलीतून हळूहळू हद्दपार झाले. ते टिकले मुख्यतः चर्चच्या ऑर्गनपाशी, जिथे पुरोहित वेदीवर पोहोचेपर्यंत वादकाला काहीतरी वाजवीत राहावे लागते.

पुढची कथा बहुतेकांना ठाऊक असते. फ्रान्सच्या जाक लूसिए याने १९५९ साली ‘प्ले बाख’ ही मालिका सुरू केली आणि तिच्या लाखो तबकड्या खपल्या. स्विंगल सिंगर्स या पॅरिसच्या गायकवृंदाने १९६३ साली बाखच्या वाद्यरचना शब्दांवाचून गायिल्या. त्यात स्वर बाखचेच होते, भर होती ती बास आणि ड्रमची. ड्यूक एलिंग्टन आणि बिली स्ट्रेहॉर्न यांनी १९६० साली चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’ला नवे रूप दिले. ग्रीगचे ‘पेअर ग्युंट’ त्यांनी हाती घेतले तेव्हा मात्र नॉर्वेत नाराजी उसळली. माझ्या मते या सर्वांत जॉन लुईस आणि त्याचा मॉडर्न जाझ क्वार्टेट बाखच्या सर्वांत जवळ गेले, कारण त्यांनी बाखचे सूर उसने घेण्यापेक्षा त्याची विचार करण्याची रीत घेतली. लूसिए गोड आहे, पण एका बैठकीत दोन बाजूंपेक्षा जास्त ऐकवत नाही.

पॉट्सडॅमचा तो फ्यूग बाखने नंतर कागदावर उतरविला म्हणून काहीतरी हाती लागले. त्या संध्याकाळी प्रत्यक्ष कसे वाजले ते हवेत विरले. जाझचे तसे झाले नाही ते तबकडीमुळे, आणि तबकड्या जपणाऱ्या वेड्या माणसांमुळे. १९३७ च्या त्या मुद्रणाचा सूत्रधार शार्ल दलोने हा असाच एक वेडा. त्याने १९३६ साली जाझच्या ध्वनिमुद्रिकांची सूची छापली: कोणती तबकडी, कोणत्या तारखेची, कोण कोण वाजवीत होते. एकाच गीताचे दोनदा मुद्रण झाले तर दोन्हींची नोंद वेगळी, कारण उपज दोनदा सारखी होत नाही. संग्राहक तबकडीच्या मधल्या कागदी लेबलाजवळ कोरलेला बारीक क्रमांक भिंगाने वाचतो ते याचसाठी. त्या जुन्या तबकड्या ज्या लाखेच्या बनत, ती लाख मोठ्या प्रमाणात आपल्या छोटा नागपूरच्या जंगलांतून जाई. महायुद्धात तिचा तुटवडा पडला तेव्हा १९४२ साली अमेरिकेत लाखेच्या वापरावर कडक निर्बंध आले, जुन्या तबकड्या गोळा करून वितळविल्या गेल्या, आणि त्यांबरोबर किती सूर गेले याची मोजदाद नाही.

माझा स्वतःचा संग्रह लहान आहे. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ एकेकाळी जहाजावर नोकरीस होते. घर पाडून इमारत उभी राहणार तेव्हा त्यांनी चहाच्या खोक्यात भरलेल्या एकसष्ट तबकड्या माझ्या स्वाधीन केल्या. निम्म्यांना बुरशी लागली होती. सौम्य साबणाचे पाणी, मऊ फडके, आणि लेबल भिजू न देण्याची दक्षता, एवढ्यावर बऱ्याचशा वाचल्या. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट लावू नये, ती विरघळते; हे मी एक तबकडी घालवून शिकलो.

त्या खोक्यात १९३२ साली पॅरिसमध्येच मुद्रित झालेला तोच कॉन्चेर्टो निघाला, नंतरच्या एका एलपीवर. वादक जॉर्ज एनेस्कू आणि त्याचा सोळा वर्षांचा शिष्य यहुदी मेन्युइन. साथीला पूर्ण वाद्यवृंद, संचालक पिएर माँतो. एडी साउथच्या तीन मिनिटांच्या आधी पाच वर्षे. १९७३ साली याच मेन्युइनने स्टेफान ग्रापेलीबरोबर जाझची एलपी काढली. ग्रापेली मनाने वाजवीत होता आणि मेन्युइन समोर लिहून ठेवलेले वाचीत होता. त्या एलपीचे जगभर कौतुक झाले. एडी साउथ १९६२ साली शिकागोत वारला होता.