दूरचे भिंग, जवळचा माणूस

जोडेघाटच्या डोंगरात १९४० साली गोंडांच्या उठावाचा नेता कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात धारातीर्थी पडला, आणि त्या उठावाने हादरलेल्या हैदराबाद सरकारने आदिलाबादच्या गोंडांची पाहणी करण्याचे काम क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडोर्फ या व्हिएन्नाच्या मानववंशशास्त्रज्ञाकडे सोपविले. महायुद्धामुळे कायद्याने शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरलेले हे गृहस्थ पत्नी एलिझाबेथसह मार्लवाईस मुक्काम ठोकून राहिले, गोंडी शिकले आणि १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षणकेंद्र उभे करण्यात पुढे झाले. त्या शिक्षकांच्या शाळांची गोंडी वाचनपुस्तके नागरी लिपीत होती, हे मराठी वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे याच जिल्ह्यात अंमलदारी करताना इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी आत्मसात केली. हाइमेनडोर्फ यांनी छायाचित्रांत टिपलेली शेती, देवकार्ये व दंडारीची नृत्ये आज लंडनच्या सोआस या संस्थेच्या दफ्तरी जतन आहेत. त्या चित्रांतील जवळीक भिंगाची नव्हे, वास्तव्याची आहे.

दूरचे जवळ आणणारे भिंग तेव्हा नवे होते असे नाही. १८९१च्या सुमारास इंग्लंड व जर्मनीत टेलिफोटो भिंगे स्वतंत्रपणे सिद्ध झाली होती. परंतु भिंग प्रतिमा जितकी वाढवी तितकाच हाताचा कंपही वाढवी, म्हणून तिपाईवाचून त्याचा निभाव लागत नसे. १९२५ साली बाजारात आलेल्या लायकाने कॅमेरा तळहातावर आणला खरा, पण भिंगातून पाहण्यासाठी लागणारा आरसा त्याच्यात नव्हता, आणि १९३५ साली त्याला २०० मिलिमीटरचे टेलिट भिंग जोडायचे झाले तेव्हा मध्ये आरशाची निराळी पेटी बसवावी लागली. लहान यंत्राचा सारा लहानपणा त्या एका जोडणीने हिरावून घेतला.

आरशाचा हा जाच संपायला २००८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पॅनासोनिकचा पहिला बिनआरशाचा, भिंगे बदलता येणारा कॅमेरा आला. संवेदकपट लहान असल्याने त्यावर ३०० मिलिमीटरचे भिंग जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात ६००चा आवाका देऊ लागले, आणि ऑलिम्पसने २०१६ साली आणलेल्या अशा भिंगाचे वजन सव्वा किलोच्या घरात होते, तर जुन्या पद्धतीचे ६००चे भिंग पाच किलोंहूनही जड असे. भिंगाचे नाभीय अंतर जितके मिलिमीटर, सेकंदाचा निदान तितकावा अंश शटर ठेवावे, हा छायाचित्रकारांचा पूर्वापार दंडक. त्या हिशेबाने येथे ६००च्या आवाक्यामुळे सहाशेवा अंश हवा, परंतु यंत्रातील कंपनिरोधक रचना ही अट पुष्कळ सैल करते. तरीही धरण्याची विद्या सुटत नाही: डावा तळवा यंत्राखाली नव्हे, भिंगाखाली, दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेली, डोळा दर्शिकेला भिडून तिसरा आधार झालेला, अर्धा श्वास सोडून बोट हलकेच दाबलेले. बोजा पुढे असल्याने उजव्या हाताकडे केवळ पकड आणि इशारा राहतो. अर्थात कंपनिरोध हाताला आवरतो, धावत्या जनावराला नव्हे. त्याच्यासाठी शटर जलदच ठेवावे लागते.

आदिलाबादेत या विद्येला खरा वाव आहे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातले वाघ पैनगंगा ओलांडून तेलंगणात उतरतात. त्यांना राज्यांची सरहद्द ठाऊक नाही, आणि जिल्ह्याच्या पूर्वापार हद्दीतले कवाल २०१२ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. वाघापासून दूर राहूनच त्याचे चित्र घ्यावे, यात त्याचे आणि आपले दोघांचेही हित आहे, म्हणून तेथे लांब भिंग हीच सभ्यता. परंतु पौष अमावास्येला केसलापूरच्या नागोबा जत्रेत मेसराम कुळाची महापूजा चालू असता, किंवा दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचा मुकुट चढवून गुसाडी नर्तक नाचत असता, तेच भिंग गर्दीआडून एखाद्याच्या मुद्रेवर रोखणे म्हणजे ज्या अंतराचा आपण मान राखायचा, ते चोरून ओलांडणे होय. तिथे भिंग पिशवीत ठेवावे, वडीलधाऱ्यांना रामराम करावा, परवानगी मागावी आणि मग चित्र घ्यावे. वाघासाठी भिंग लांब हवे, माणसासाठी मुक्काम लांब हवा.