मुक्या जिवाचा शेवट : पांजरपोळापासून संमतीपत्रापर्यंत

असाध्य आजाराने किंवा अतिवार्धक्याने हाल होत असलेल्या प्राण्याचा जीव औषधाने, वेदना न होऊ देता संपवणे याला मराठीत आज ‘दयामरण’ म्हणतात. कुत्री-मांजरे पाळणाऱ्या घरांत मात्र ‘झोपवणे’ हा सौम्य शब्दच अधिक रुळला आहे. या प्रथेकडे पशुवैद्यकातील एक सोय म्हणून पाहिले जाते. परंतु पश्चिम भारतातील तिचा इतिहास पाहता, मारावे की नाही या प्रश्नाइतकाच, तसे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही गेली दोन शतके वादाचा राहिला आहे असे दिसते.

या प्रश्नाचे सर्वांत जुने संस्थात्मक उत्तर म्हणजे पांजरपोळ, अर्थात म्हाताऱ्या, लंगड्या, आजारी आणि भाकड जनावरांना मरेपर्यंत आसरा देणारी, प्रामुख्याने जैन व हिंदू व्यापाऱ्यांच्या दानावर चालणारी संस्था. मुंबईत ती उभी राहण्यास एक दंगल निमित्त झाली. १८३२ च्या जूनमध्ये भटकी कुत्री मारण्याच्या पोलिसी मोहिमेविरुद्ध पारशी समाजात संतापाचा उद्रेक झाला, कारण झरथुष्ट्री धर्मात कुत्रा पवित्र मानला जातो आणि ‘सगदीद’, म्हणजे प्रेतावर कुत्र्याची नजर पडू देणे, हा तेथील अंत्यविधीचा महत्त्वाचा भाग असतो. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. जो जीव देता येत नाही तो घेण्याचा अधिकारही माणसाला नाही, या धारणेवर ही व्यवस्था उभी असल्यामुळे तेथे जनावराला चारापाणी मिळे, परंतु त्याचा शेवट जवळ आणण्याचा विचार कोणी करीत नसे. युरोपीय निरीक्षकांना खितपत पडलेल्या जनावराला जिवंत ठेवणे हीच क्रूरता वाटे, तर आश्रयदात्यांना त्याला मारणे हे पाप वाटे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या दोन भूमिकांच्या मध्ये पशुवैद्य आला. घोड्यांच्या ट्रामगाड्या मुंबईत ज्या वर्षी धावू लागल्या, त्याच १८७४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी शहरात एक संस्था स्थापन झाली. पुढे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे अमुक जनावर बरे होणार नाही, हे केवळ धन्याच्या अंदाजावर न सोडता प्रशिक्षित माणसाच्या निदानाने ठरवण्याची सोय झाली.

निदान मात्र नैतिक प्रश्न सोडवू शकत नाही, हे १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एका वासराच्या निमित्ताने उघड झाले. हे जायबंदी वासरू कूस बदलतानाही वेदनेने तळमळत होते आणि वैद्यकीय सल्ला घेऊनही त्याच्या वाचण्याची आशा उरली नव्हती. तेव्हा गांधीजींनी आश्रमवासीयांशी विचारविनिमय करून, काहींचा विरोध असतानाही, डॉक्टरकडून त्याला विषाचे इंजेक्शन देवविले. ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’ या पत्रांतून त्यांनी हा प्रसंग स्वतः प्रसिद्ध केल्यावर पत्रांचा भडिमार झाला आणि अनेक अहिंसावाद्यांनी त्यांच्यावर हिंसेचा आरोप ठेवला. त्याआधी, १९२६ मध्ये, अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने सुमारे ६० कुत्री मारविली त्याचे समर्थन केल्यामुळेही त्यांच्यावर असाच रोष ओढवला होता. परंतु तेथे माणसांच्या सुरक्षिततेचा युक्तिवाद होता, तर वासराच्या बाबतीत केवळ त्या वासराचेच हित पाहिले गेले होते. स्वार्थाने किंवा रागाने केलेली इजा म्हणजे हिंसा, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता, आणि म्हणूनच शस्त्रवैद्याच्या सुरीला ते हिंसा मानत नसत. अशा कृतीसाठी त्यांनी चार अटी सांगितल्या : रोग असाध्य असावा, संबंधित सर्वांनी आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा उपयोगी पडण्यासारखी नसावी आणि रुग्णाला आपली इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे.

स्वतंत्र भारतात हा अधिकार कायद्याने बांधून दिला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातील कलम १३ नुसार, हलवताही येणार नाही इतके जखमी किंवा रोगी जनावर आढळले आणि मालक गैरहजर असला किंवा संमती देत नसला, तर पोलीस अधिकाऱ्याने पशुवैद्याला पाचारण करावे आणि त्याच्या दाखल्यानंतर, दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन, जनावराचा अंत करावा, अशी तरतूद आहे. भटक्या कुत्र्यांविषयीच्या २००१ च्या नियमांनी असाध्य आजारी व प्राणांतिक जखमी कुत्र्यांचे दयामरण पशुवैद्याच्या निदानावर सोपवले आणि एका कुत्र्याचा अंत दुसऱ्याच्या देखत करू नये असेही बजावले.

या तरतुदींचा रोख मात्र मालक नसलेल्या किंवा मालकाने टाळलेल्या प्राण्याकडे आहे. मालक जवळ असून माया करणारा असेल, तेव्हा निर्णय पशुवैद्याचा सल्ला आणि घरच्यांची संमती यांवरच येऊन ठेपतो. राखणीसाठी दाराशी असलेला कुत्रा शहरी घरात आत आला, मुलांबरोबर वाढला, आणि त्याच्या शेवटाचा भारही घरावर आला. गांधीजींच्या चार अटींपैकी पहिली पशुवैद्य तपासू शकतो, परंतु चौथी अट मुक्या प्राण्याच्या बाबतीत नेहमीच पूर्ण झालेली असते, आणि म्हणून त्याने सोडलेले अन्न, उठण्याची संपलेली धडपड, हाकेला न हललेली शेपटी यांवरून त्याची इच्छा घरच्यांनाच ताडावी लागते. पांजरपोळाच्या दारात जनावर सोडणाऱ्या धन्याला हा भार उचलावा लागत नसे, कारण पुढचे सारे संस्थेवर आणि दैवावर सोपवलेले असे. दवाखान्यातील संमतीपत्रावर सही करणाऱ्याला मात्र तो दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.