वस्तरा खाली ठेवण्याचा इतिहास

मराठीत ‘दाढी करणे’ म्हणजे दाढी काढून टाकणे. ती वाढवायची असेल तर आपण ती ‘ठेवतो’ किंवा ‘राखतो’. आणि राखणे या क्रियापदात राखण जशी आहे तसे व्रतही आहे. भाषेची ही गंमत आम्हांला खराडीच्या निमित्ताने पुन्हा आठवली. पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यालगत, मुळा-मुठेच्या काठी असलेल्या या एकेकाळच्या गावात आज दोन दिनदर्शिका शेजारी-शेजारी नांदतात. गावठाणातली दिनदर्शिका पंचांगावर चालते. ईऑन आयटी पार्क आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काचेच्या इमारतींतली दुसरी दिनदर्शिका मनुष्यबळ विभागाच्या पत्रांवर चालते. तिच्यात ऑक्टोबर हा स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाचा गुलाबी महिना, आणि नोव्हेंबर हा पुरुषांच्या कर्करोगासाठी मिशा किंवा दाढी वाढवण्याचा महिना. पहिल्या दिनदर्शिकेतही दाढी वाढवण्याचे महिने आहेत. पण ते वेगळे आहेत आणि त्यांचा अर्थही वेगळा आहे. या दोन अर्थांची गाठ पडते तेव्हा काय होते, एवढाच आमच्या कुतूहलाचा विषय आहे.

आधी दुसऱ्या दिनदर्शिकेचे पाहू. २००३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात ट्रॅव्हिस गारोन आणि ल्यूक स्लॅटरी या दोन मित्रांच्या गप्पांत, कधीकाळी मिरवलेल्या आणि पुढे हास्यास्पद ठरलेल्या मिशा पुन्हा आणता येतील का, असा विषय निघाला. तीस जणांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवल्या. मिशीला तिकडच्या बोलीत ‘मो’ म्हणतात, म्हणून महिन्याचे नाव ‘मोव्हेंबर’ झाले. पुढच्याच वर्षी या थट्टेला प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी निधी गोळा करण्याचे काम मिळाले, संस्था उभी राहिली, आणि कालांतराने वृषणांचा कर्करोग व पुरुषांचे मानसिक आरोग्य हेही तिच्या कक्षेत आले. नियम मोठा काटेकोर आहे. एक तारखेला चेहरा गुळगुळीत असला पाहिजे, मग महिनाभर मिशा वाढवायच्या, आणि दाढी मात्र ठेवायची नाही. हिशेब असा की ओळखीचा चेहरा अचानक बदलला की लोक विचारणार, ‘हे काय?’ आणि त्या प्रश्नाच्या दारातून, पुरुष सहसा ज्याविषयी बोलत नाहीत तो विषय आत येणार.

यासारखीच पण निराळ्या कुळातली दुसरी प्रथा अमेरिकेतली. शिकागोजवळच्या हिल कुटुंबातले वडील, मॅथ्यू हिल, २००७ च्या नोव्हेंबरात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने गेले. त्यांच्या मुलांनी २००९ पासून नोव्हेंबरभर दाढी न करण्याची मोहीम चालवली: केस वाढू द्यायचे आणि दाढी-कटिंगचे वाचलेले पैसे कर्करोगाच्या कामाला द्यायचे. उपचारांत रुग्णाचे केस जातात. ज्यांचे जात नाहीत त्यांनी ते मोकळे वाढू द्यावेत, अशी ही भावना.

इथे मराठी वाचक थबकतो, थबकलाच पाहिजे. बाप गेल्यावर हिलांच्या मुलांनी वस्तरा खाली ठेवला. आपल्याकडे बाप गेल्यावर मुलगा वस्तऱ्यापुढे बसतो. नदीकाठच्या क्षौरात डोक्याबरोबर मिशाही जातात, आणि म्हणूनच कित्येक घरांत वडील हयात असताना मुलाने मिशा काढणे अशुभ समजले जाई. मिसरूड फुटल्यापासून बापाच्या मृत्यूपर्यंत मिशी ही जणू बाप जिवंत असल्याची पावती होती. पिढी-दोन पिढ्यांमागच्या गावात नुसत्या ओठाकडे पाहून घरचे वर्तमान कळत असे. शहरात ही लिपी पुसट झाली खरी, पण चार दिवस दाढी वाढलेल्या माणसाला ‘घरी सगळे ठीक ना?’ असे अजूनही विचारले जाते. सुतकात वस्तरा लागत नाही, हे विचारणाऱ्याच्या मनात कुठेतरी असतेच.

सुतकाखेरीज श्रावण आहे. श्रावण पाळणारा माणूस मांसाहार सोडतो तसा न्हाव्याकडे जाणेही सोडतो. आयटी कंपन्यांतल्या कित्येक तरुणांनाही याचे नवल वाटत नाही. त्याहून कडक म्हणजे चातुर्मासाचे व्रत. ते आषाढी एकादशीला सुरू होते आणि कार्तिकातल्या प्रबोधिनी एकादशीच्या सुमारास सुटते. ही एकादशी बहुतेक वर्षी नोव्हेंबरातच पडते. म्हणजे इंग्रजी नोव्हेंबरात जे व्रत धरायचे, ते मराठी कार्तिकात सोडायचे असते! एकाच आठवड्यात एकाच रस्त्यावर एकजण चार महिन्यांची दाढी उतरवतो आणि दुसरा महिनाभराच्या दाढीला आरंभ करतो.

साहित्याच्या वर्गात चिन्ह यादृच्छिक असते असे आपण शिकतो आणि शिकवतो. त्याला हे बरे उदाहरण आहे. मोव्हेंबरचे सारे बळ प्रश्नात आहे. चेहरा पाहून कोणीतरी विचारले पाहिजे. मेलबर्नमध्ये मिशी कालबाह्य झाली होती, म्हणून ती दिसताच प्रश्न उठला. खराडीच्या गावठाणात, रिक्षाथांब्यावर, भाजीबाजारात मिशी हा पुरुषाच्या चेहऱ्याचा नित्याचा भाग आहे. तिच्यावर प्रश्न कसा उठावा? आणि दाढीवर प्रश्न उठलाच तर त्याची उत्तरे आधीच ठरलेली आहेत: श्रावण, सुतक, नवस. ‘कर्करोग’ हे उत्तर त्या यादीत नाही. त्यामुळे काचेच्या इमारतीत हे चिन्ह वाचले जाते, फाटकाबाहेर येताच मुके होते. आम्ही याला कोणाचा दोष मानत नाही. शब्दांची भाषांतरे होतात, तशी शरीरावरच्या खुणांचीही व्हावी लागतात. ते काम इथे झाले नाही, एवढेच.

पण केसांच्या निमित्ताने लोकजागृती करणे आपल्याला परके आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. ते आपण मेलबर्नच्या एकशे तेरा वर्षे आधी केले होते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी समाजाची सभा भरली, आणि जमलेल्या शेकडो न्हाव्यांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांच्या चळवळीचे आद्य पुढारी, संपाचे हत्यार ओळखणारा माणूस. त्याच १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांचे ‘करमणूक’ सुरू झाले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचकांपुढे येऊ लागली. यमूच्या केशवपनाचा प्रसंग ज्याने वाचला आहे त्याला वस्तरा हा शब्द पुढे सहज वापरता येत नाही. कादंबरीचा अभ्यास करताना आपण मिल्ल, स्पेन्सर आणि आगरकर यांची नावे घेतो. सभेला जमलेल्या न्हाव्यांची घेत नाही. वास्तविक एकाने लेखणी उचलली आणि दुसऱ्यांनी वस्तरा ठेवला, या दोन्ही एकाच काळातल्या एकाच प्रश्नावरच्या कृती होत.

या दोन नकारांत एक फरक आहे, आणि तो आम्हांला महत्त्वाचा वाटतो. १८९० च्या नकाराची किंमत नकार देणाऱ्याने स्वतः मोजली: केशवपन ही त्याची वारंवारची कमाई होती. नोव्हेंबरच्या नकारात दाढीचे वाचलेले पैसे देणगीला जातात. पण ते पैसे वाचतात कोणाचे? ज्याच्या घरात दाढी आरशापुढे स्वतः करण्याची चाल आहे, तो पात्यांचे पैसे वाचवतो. जो कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जातो, तो न्हाव्याचे पैसे देणगी म्हणून देतो. श्रावणात गिऱ्हाईक रोडावते हे या धंद्याला ठाऊकच आहे. त्यात आणखी एका महिन्याची भर. राम नगरकरांच्या ‘रामनगरी’तला विनोद ज्या घरातून येतो त्या घराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. रक्कम लहान असेल, मोहीम चालवणाऱ्यांच्या मनातही असे काही नसेल. तरी बलुतेदाराच्या वाट्याचे दान दुसऱ्याच्या नावे जमा होण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, म्हणून नोंदवले.

आता रोगाकडे वळू, कारण चिन्ह कितीही रोचक असले तरी ते कशाचे चिन्ह आहे ते पाहिल्याविना सुटका नाही. प्रोस्टेटचा कर्करोग आपल्याकडे नगण्य आहे असे नव्हे. पुण्यासारख्या मोठ्या शहरांच्या नोंदींत तो पुरुषांच्या पहिल्या काही कर्करोगांत दिसतो, आणि आयुर्मान वाढते तसा वाढतो. पण भारतातल्या पुरुषांचा सर्वांत मोठा कर्करोग तोंडाचा आहे. त्याची मुळे तंबाखू-चुन्यात, मावा-खर्ऱ्यात, गुटख्यात आणि सुपारीत आहेत. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. त्याआधी आणि नंतरही या रोगाने राज्याच्या सार्वजनिक जीवनाला स्पर्श केला. शरद पवारांच्या तोंडावर २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली. तिची खूण त्यांच्या चेहऱ्यावर आणि उच्चारांवर साऱ्या महाराष्ट्राने पाहिली आहे आणि ते स्वतः त्या सवयीविषयी जाहीरपणे बोलत आले आहेत. आर. आर. पाटील २०१५ च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कर्करोगाने गेले तेव्हा ५७ वर्षांचे होते. परळच्या टाटा रुग्णालयात गावोगावाहून येणारे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला राहणारे जे रुग्ण, त्यांच्यातही जबड्याला पट्टी बांधलेले पुरुष पुष्कळ दिसतात. ज्यांच्या दाढीला कधी नीट वस्तरा लागला नाही, अशा बाबांच्या नावाची ती धर्मशाळा आहे.

ऑस्ट्रेलियातली मिशी जिच्याकडे बोट दाखवते ती ग्रंथी शरीराच्या आत, दृष्टीआड आहे. मिशी आणि ग्रंथी यांत नाते फक्त पुरुषपणाचे. शिवाय त्या ग्रंथीच्या रक्ततपासणीवर वैद्यकातच मतभेद झाले. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये सरसकट पीएसए तपासणी नको म्हटले, आणि २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावे अशी भूमिका घेतली. तोंडाचे तसे नाही. तिथे पाहायला उजेड आणि डोळे पुरतात. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे नुसती नजरेने तपासली. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. आपल्याकडे मिशी जिथे उगवते त्याच्या बोटभर खालीच रोगाचे ठिकाण आहे. मेलबर्नला यादृच्छिक असलेले चिन्ह खराडीत येऊन थेट निर्देश करू लागते, पण त्या बोटाच्या दिशेने कोणी पाहत नाही. मराठीत मिशीला तूप लावण्याचा एक वाक्प्रचार आहे: खायला नसताना खाल्ल्याचा देखावा करणे. तोंडाची आग होऊन तिखट खाणे सुटले असताना घरच्यांना ‘काही नाही’ म्हणणारा माणूस याहून वेगळे काय करतो?

आणि इथे न्हावी पुन्हा येतो. जुन्या गावगाड्यात तो केवळ हजामत करीत नसे. तुंबड्या लावणे, गळवे फोडणे हीही कामे त्याचीच असत. सेना न्हाव्याच्या नावावरच्या अभंगांत धंद्याची हत्यारे रूपक होऊन येतात. ज्या चेहऱ्याला हात लावायचा तो नीट पाहण्याची सवय त्या रूपकांमागे आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीयांच्या केशकर्तनालयांत न्हावी आणि औषधतज्ज्ञ यांच्या जोडीने गिऱ्हाइकांचा रक्तदाब उतरवल्याचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरकडे न जाणारा पुरुष न्हाव्याकडे जातो, हे त्यामागचे साधे निरीक्षण होते.

सुपारी आणि गुटख्याने तोंडाच्या आतले आवरण हळूहळू ताठर होत जाते. ही कर्करोगाची पूर्वावस्था ठरू शकते. तिच्यात तोंड पुरते उघडत नाही, शीळ घालता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत. वैद्यकाच्या पुस्तकात ही लक्षणे आहेत. आणि खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला न्हावी साबण लावल्यावर, वस्तरा गालावर टेकवण्यापूर्वी काय सांगतो? ‘गाल फुगवा.’ त्याला रोगाचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. पण कोणाचा गाल फुगत नाही, कोणाच्या मानेवर गेल्या खेपेला नसलेली गाठ बोटांना लागते, हे त्याच्याइतके वारंवार दुसऱ्या कोणाला कळत नसेल. नोव्हेंबरभर राखलेल्या दाढीखाली तो गाल आणि ती मान दोन्ही झाकली जातात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खराडीतली सलूने पुन्हा भरतात, टॉवेल झटकला जातो, आणि खुर्चीमागून तेच दोन शब्द ऐकू येतात.