पुतळी

पुतळी : कोकण व गोमंतकात प्रचारात असलेले व्हेनिसचे सुवर्णनाणे. यूरोपात ते ‘डुकाट’ किंवा ‘सेक्विन’ या नावांनी ओळखले जाते. नाण्यावरील मानवी आकृत्यांमुळे त्यास मराठीत पुतळी हे नाव पडले. या नाण्यांच्या माळेस ‘पुतळ्यांची माळ’ म्हणतात.

इ.स. १२८४ मध्ये व्हेनिसच्या टाकसाळीत हे नाणे प्रथम पाडण्यात आले. त्याच्या एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा डोजे (व्हेनिसचा प्रजासत्ताकप्रमुख), तर दुसऱ्या बाजूस तारकांनी वेढलेली येशू ख्रिस्ताची आकृती असे. वजन सु. ३·५ ग्रॅम असून सोने जवळजवळ शुद्ध असे. १७९७ मध्ये प्रजासत्ताकाचा अंत होईपर्यंत म्हणजे पाच शतके नाण्याचा कस व ठसा जवळपास कायम राहिला आणि त्यामुळेच दूरदेशीच्या व्यापाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला. मिरी, मसाले व कापड यांच्या मोबदल्यात हे सोने ईजिप्त, एडन व होर्मुझमार्गे पश्चिम किनाऱ्यावर येई.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोडा व वेंगुर्ले यांचा परिसर या सागरी व्यापाराच्या टापूत मोडतो. वेंगुर्ल्यास सतराव्या शतकात डचांची वखार होती. शिरोड्याच्या दक्षिणेस गोव्याची हद्द असून तेथे १५१० मध्ये आल्बुकर्कने पोर्तुगीज नाणी पाडण्यास प्रारंभ केला. त्यापूर्वी गोव्याच्या कदंब राजांनी सिंहाची आकृती व सप्तकोटीश्वराचा नामोल्लेख असलेली सुवर्णनाणी पाडली होती. अशा रीतीने अनेक राजसत्तांचे सोने या चिंचोळ्या पट्टीत एकत्र आले.

तथापि सुवर्णनाण्याची दुर्मिळता ते किती पाडले गेले यापेक्षा किती वितळले यावर अवलंबून असते. राजसत्ता बदलली की जुने सोने टाकसाळीत जाऊन नव्या शिक्क्याने बाहेर पडे. दुष्काळात व लग्नकार्यात ते सोनाराच्या मुशीत जाई. शिवाजी महाराजांचा शिवराई होन हे याचे ठळक उदाहरण होय. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे असलेल्या या होनाचे वजन सु. २·७ ग्रॅम आहे. याच अक्षरांची तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकापर्यंत व्यवहारात होती व आजही सहज मिळते. सोन्याचे होन मात्र मोजकेच उपलब्ध आहेत. सभासदाच्या बखरीतील खजिन्याच्या यादीत देवराई, अच्युतराई, धारवाडी असे होनांचे अनेक प्रकार येतात. त्यावरून हरवलेल्या संपत्तीची कल्पना येते.

अमेरिकेत हीच गोष्ट सरकारी आज्ञेने घडली. १९३३ मध्ये नागरिकांजवळील सोन्याची नाणी सरकारजमा करण्याचा आदेश निघाला. त्या वर्षी पाडलेली वीस डॉलरची ४,४५,५०० नाणी चलनात न येताच जवळजवळ सर्व वितळविण्यात आली. त्यांपैकी वाचलेले एक नाणे २०२१ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात सु. १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले.

पुतळी मात्र दागिना झाल्यामुळे वाचली. परक्या देशाचे नाणे स्त्रियांच्या गळ्यात टिकले आणि स्वदेशी राजाचा होन मुशीत गेला, हा इतिहासातील विरोधाभास लक्षणीय आहे. दागिन्याने नाण्याचे नुकसानही केले. कडी डाखलेली वा भोक पाडलेली पुतळी संग्राहकाच्या दृष्टीने कमी मोलाची ठरते. परंतु कडी काढून डाग घासल्यास नाण्याचा ठसा व माळेचा पुरावा असे दोन्ही नष्ट होतात. भारतात या नाण्याच्या नकलाही होत. त्यांवरील लॅटिन अक्षरे अर्थहीन झालेली दिसतात. पुढे राम-सीता किंवा लक्ष्मी यांचे ठसे उमटविलेल्या सोन्याच्या पातळ चकत्यांनाही पुतळी म्हणू लागले. ही नाणी नव्हेत.

संग्रहासाठी नाणे पारखताना वजन, विशिष्ट गुरुत्व, कडेवरील ओतकामाची रेघ व अस्सल नाण्याशी ठशाची तुलना या कसोट्या लावतात. होनाच्या नकला पुष्कळ असल्याने त्याच्या बाबतीत हे विशेष आवश्यक ठरते. मात्र नाणे कोठे व कशासोबत सापडले ही माहिती कोणत्याही कसोटीने परत मिळत नाही. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. ठेवा शासनाने घेतल्यास धातूचे मूल्य व त्यावर एक पंचमांश अधिक रक्कम देण्याची त्यात तरतूद आहे. ही तरतूद ठाऊक नसल्याने जप्तीच्या भीतीपोटी नाणी गुपचूप वितळविली जातात. १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमान्वये शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे पुरावस्तू ठरते व खासगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. घरातील जुनी माळ मोडण्यापूर्वी प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन व घराण्यातील तिची हकीकत नोंदवून ठेवल्यास सोने गेले तरी इतिहास उरतो.